सारामावशीचं घर सांभाळताना

ज्या दिवशी मी गाव सोडलं, त्या दिवशी बाबांच्या सहा आसनी रिक्षातल्या बाकीच्या सगळ्या सीटा रिकाम्या होत्या आणि वाटेत हात करणाऱ्या एकाही पॅसेंजरसाठी बाबा थांबले नाहीत. रिकामी सीट घेऊन गाडी हाकणं बाबांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं. त्यावरूनच मला कळलं की आज काहीतरी मोठं घडतंय.

निघताना आईने हातावर दही ठेवलं. दादाने बॅग रिक्षात टाकली आणि "दगड भरलेस का गो?" म्हणून तोंड फिरवलं. मी ओढणीच्या टोकाला बांधलेली एक किल्ली सोडून बाबांच्या हातात दिली. ती शेजारच्या सारामावशीच्या घराची किल्ली होती, आणि बरीच वर्षं ती माझ्याकडेच असायची. बाबांनी ती शर्टाच्या वरच्या खिशात टाकली, खिसा चाचपला आणि रिक्षा सुरू केली.

एसटी स्टँडवर बाबांनी बॅग बसमध्ये चढवून दिली. बस हलायला लागली तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाले, "खोली नंतर बघ बाय, आधी शेजार बघ. भिंतीचे पोपडे निघाले तर रंग देता येतो. शेजाऱ्याला नाही देता येत."

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. बाबा सातवी, आई चौथी, दादाने बारावीनंतर रिक्षा धरली. गावच्या शाळेतल्या बाईंनी, तालुक्याच्या कॉलेजातल्या सरांनी आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून मला पुढे ढकललं, म्हणून मी आज जयपूरला बसून हे लिहिते आहे. गावात राहिलेल्यांनी हे वाचावं असं वाटतं, आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांनीही.

सारामावशीबद्दल आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्या घराबद्दल आहे.

आमच्या अलिबागकडच्या खेड्यांत पूर्वी बेने इस्रायल लोकांची बरीच घरं होती. यहुदी, पण मराठी बोलणारी, नऊवारी नेसणारी, गावाच्या नावावरून आडनाव लावणारी. जुन्या काळी ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. माझ्या लहानपणी घाणा राहिला नव्हता. दाऊदकाका शाळेत क्लार्क होते आणि सारामावशी शिवण शिवायची. त्यांच्याकडे मटणात दूध-दही चालत नसे, म्हणून नारळाच्या दुधातलं मटण व्हायचं, आणि त्याचा वास भिंतीच्या अलीकडे आमच्या घरात पसरला की दादा अभ्यासाचं पुस्तक घेऊन त्यांच्या पायरीवर जाऊन बसायचा. शुक्रवारी दिवस मावळल्यापासून शनिवारच्या संध्याकाळपर्यंत त्यांच्या घरी चूल पेटत नसे. शनिवारी कुणाला ताप आला, कुणाला गरम पाणी हवं असलं, तर आई न बोलावता जाऊन चूल पेटवून यायची. यात कुणाला विशेष काही वाटत नव्हतं. दोन्ही घरांत एकच भिंत होती. आमच्या बाजूने आम्ही सारवायचो, त्यांच्या बाजूने ते.

मी तिसरीत असताना ते दोघं इस्रायलला मुलाकडे गेले. कायमचे. जाताना सारामावशी आईच्या गळ्यात पडून रडली आणि बाबांना म्हणाली, "घर सांभाळा हां." बाबा म्हणाले, "हो." एवढंच. कागद नाही, वेळ ठरवलेली नाही.

बाबांनी ते एका शब्दाचं वचन फार गंभीरपणे घेतलं. दरवर्षी पावसाआधी आमचं घर शाकारलं की लगेच त्यांचं. फुटकी कौलं उतरवायची, कुजलेली रीप बदलायची, पन्हळीतला पाला काढायचा. आई आठवड्याला झाडून घ्यायची. मी दहावीला आले तेव्हा आमच्या दोन खोल्यांत सहा माणसं होती आणि मला अभ्यासाला जागा नव्हती. बाबांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि सांगितलं, "बस तिथं. पण भिंतीला खिळा मारायचा नाही." दहावी, बारावी आणि पुढची तीन वर्षं मी सारामावशीच्या पडवीत अभ्यास केला. वेळापत्रक लावायला खिळा नव्हता, म्हणून ते मी दाराच्या कडीत अडकवायचे. माझी पदवी ज्या ज्या गोष्टींवर उभी आहे त्यांत ते रिकामं घर आहे, हे मी कधी विसरणार नाही.

जयपूरला आले तेव्हा बाबांचं ऐकून आधी शेजार पाहिला. शास्त्री नगरात तिसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली. खाली घरमालकीण आंटीजी राहतात. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "बेटा, नॉनवेज तो नहीं बनाती ना?" मी नाही म्हणून मान हलवली. कोकणातल्या मुलीला मान हलवायला किती कष्ट पडले ते माझं मला माहीत. पहिल्या दिवाळीनंतर आईने डब्यातून सुका जवळा पाठवला आणि त्या डब्याचं झाकण बॅगेतच उघडलं. संध्याकाळी आंटीजी जिना चढून आल्या, दारात उभ्या राहिल्या, आणि नाकाला पदर लावून काळजीने म्हणाल्या, "बेटा, कमरे में कुछ मर गया है क्या? चूहा-वूहा?" मी म्हटलं, "देखती हूँ आंटीजी." डबा चार पिशव्यांत गुंडाळून ऑफिसला नेला आणि तिथल्या बंगाली मुलाला देऊन टाकला. त्याने तो देवाचा प्रसाद घ्यावा तसा घेतला. आंटीजींना सगळं कळलं होतं असं मला आता वाटतं. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही, आणि दुसऱ्या दिवशी गरम कचोऱ्या पाठवल्या.

आता माझी मराठीही पहिल्यासारखी राहिलेली नाही. फोनवर बोलताना 'मतलब' येतं, आणि आई लगेच पकडते: "काय गो हे मतलब-मतलब? मतलबी झालीस काय?"

आमचं ऑफिस मुरलीपुऱ्यात, प्लास्टिकचे डबे बनवणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. काम सबटायटलचं. परदेशातल्या संस्था जुन्या माणसांच्या मुलाखतींची रेकॉर्डिंग पाठवतात, मशीन त्यांचं इंग्रजी करतं, आणि ते इंग्रजी धड आहे का, बोलण्याच्या वेळेत बसतं का, हे आम्ही तपासतो. गेल्या वर्षभर आमच्याकडे पोलंडमधल्या यहुद्यांच्या मुलाखती आहेत. नाझींच्या राज्यात जे खेड्यापाड्यांतून लपून वाचले, ते लोक. शहरांतल्या वस्त्या आणि छावण्या यांबद्दल मी शाळेत चार ओळी वाचल्या होत्या. पण खेडी? तिथे यहुदी शिंपी होते, खोगीर शिवणारे होते, दूध विकणारे होते, आणि त्यांच्या कुंपणाला लागून शेतकरी शेजारी होते, हे मला माहीतच नव्हतं. त्या शेजाऱ्यांपैकी कुणी पोलिसांना जाऊन सांगितलं, कुणी तोंड फिरवलं, कुणी रात्रीपुरतं ठेवून सकाळी जायला सांगितलं. आणि थोड्यांनी ठेवून घेतलं. यहुद्याला आसरा दिलेला सापडला तर अख्ख्या कुटुंबाला गोळ्या घालत, हे माहीत असूनही.

ज्यांच्या मुलाखतीमुळे मी हे लिहायला बसले त्यांचं नाव मी सांगणार नाही. कामाचा तो नियम आहे. मी त्यांना मनात आजोबा म्हणते. तेव्हा ते लहान मुलगा होते. त्यांची आई गावाचे कपडे शिवायची. वडिलांना नेलं आणि ते परत आले नाहीत. एका शेतकरणीने आईला आणि मुलाला तबेल्याच्या वर, गवताच्या मागे, दोन हिवाळे ठेवलं. आजोबा हे सगळं शांतपणे, कुणी गावच्या हवेबद्दल सांगावं तसं सांगतात.

माझ्या शेजारच्या टेबलवर हेमराज बसतो. तो रोज जयपूरबाहेरच्या बस्सी गावाहून बसने येतो. एकदा माझ्या स्क्रीनकडे बघत बसला आणि म्हणाला, "दीदी, ये बाबा रो क्यों नहीं रहे?"

"पता नहीं."

"मेरे दादाजी तो बैल की बात पे भी रो देते थे."

मी त्याला सांगितलं की आमच्या गावातही यहुदी होते, भिंतीला भिंत लागून. त्याचा विश्वास बसेना. "सच में? और झगड़ा नहीं हुआ? हमारे बस्सी में तो पड़ोसी की दीवार एक बालिश्त आगे आ जाए, तो तीन पीढ़ी बात नहीं करती."

त्याच मुलाखतीत मशीनने एक वाक्य केलं होतं, त्याचा अर्थ असा होत होता: त्या बाईंनी आम्हाला दोन हिवाळे 'स्टोअर' केलं. मला हसू आलं. माणसं काय गोदामात ठेवतात? मी ते बदलून 'लपवलं' असं केलं आणि पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी पोलंडहून मग्दाचा व्हिडिओ कॉल आला. मग्दा तिकडून आमचं काम तपासते. वयाने माझ्या आईएवढी, कडक, पण समजावून सांगणारी. ती म्हणाली, "मशीन चुकलं हे खरं, पण तूही चुकलीस. त्यांनी म्हटलेला पोलिश शब्द आम्ही बटाट्यांसाठी वापरतो. तळघरात हिवाळाभर राखून ठेवलेले बटाटे, मुरंबा, बियाणं. आणि त्या काळात गावच्या लोकांनी हाच शब्द माणसांसाठी वापरला. लपवणं एकदा करून संपतं. हे रोज करायचं असतं. रोज वर भाकरी पोचवायची, रोज बादली खाली आणायची, रोज शेजारणीशी खोटं बोलायचं."

मी म्हटलं, "आमच्याकडे आहे असा शब्द. सांभाळणं."

"बटाट्यांसाठी चालतो?"

"बटाट्यांचं माहीत नाही. पण मूल सांभाळतात, गुरं सांभाळतात, म्हातारी माणसं सांभाळतात. दुसऱ्याची किल्ली सांभाळतात."

तिने तो शब्द दोन-तीनदा म्हणून पाहिला. 'ळ' काही तिला जमला नाही. शेवटी आम्ही इंग्रजीत साधं 'केप्ट' ठेवलं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. आपल्या भाषेत एक मोठा शब्द आहे आणि माझे बाबा तो शब्द जगतात, असं काहीतरी मनात येऊन मी खूश होते.

पुढचा भाग आला आणि ती खुशी ओसरली.

युद्ध संपल्यावर आई आणि मुलगा आपल्या घरी परत गेले. घरात शेजारचं कुटुंब राहायला आलं होतं. हे शेजारी म्हणजे आसरा देणारी शेतकरीण नव्हे, दुसरे. दार उघडलं ती बाई वाईट वागली नाही. तिने पायरीवर स्टूल आणून दिलं, प्यायला दूध दिलं. उघड्या दारातून आईचं शिलाई मशीन खिडकीपाशी दिसत होतं, त्यावर दुसऱ्याच कुणाचं कापड होतं. बाई म्हणाली, "आम्हाला वाटलं, तुम्ही आता येणार नाही. आम्ही सगळं नीट सांभाळलंय." मी पोलिश ध्वनी पुन्हा पुन्हा ऐकला. तोच शब्द होता. तबेल्यावरच्या माणसांसाठी आजोबांनी वापरलेला, बटाट्यांचा, मुरंब्याचा, माझ्या बाबांचा.

आईने दूध संपवलं, आभार मानले आणि मुलाचा हात धरून निघून गेली.

मुलाखत घेणाऱ्या मुलीने विचारलं, "तुमच्या आईला मशीन परत हवं होतं?" आजोबा म्हणाले, "नाही. मशीन घेऊन आम्ही जाणार कुठे होतो? त्या बाईने विचारावं, एवढंच आईला हवं होतं. वापरू का, असं."

"विचारलं असतं तर त्या हो म्हणाल्या असत्या?"

"माहीत नाही," आजोबा म्हणाले. "कदाचित नाही म्हणाली असती. पण ते तिचं 'नाही' असतं."

आणखी एक गोष्ट ते म्हणाले. ज्या शेतकरणीने त्यांना वाचवलं तिने निरोप देताना हात जोडले होते, की आमचं नाव गावात घेऊ नका. आपण यहुद्यांना ठेवलं होतं हे कळलं तर गाव आपल्याला सुखाने राहू देणार नाही, अशी तिला भीती होती. युद्ध संपल्यावरही. म्हणून आजोबांनी कॅमेऱ्यासमोर तिचं नाव घेतलं नाही. तिची नातवंडं अजून त्या गावात आहेत, म्हणाले.

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला.

आमच्याकडे आता शनिवार-रविवारी मुंबईची माणसं समुद्रावर येतात. आळीतल्या चार घरांनी होमस्टे काढलेत. दादाने रिक्षा चालवून चालवून मान दुखवून घेतली आहे, आणि दोन मुलं शाळेत आहेत. त्याला सारामावशीच्या घरात पाहुण्यांसाठी खोल्या करायच्या होत्या. मधल्या भिंतीत दार काढलं की स्वयंपाक आमच्याकडून थेट पोचेल, असा त्याचा हिशोब.

"बाबा काय म्हणतात?" मी विचारलं.

"बाबा म्हणतात, बायला विचार."

"मला का?"

"तू शिकलेली ना. त्याच घरात बसून शिकलीस. मग तूच सांग." मग म्हणाला, "हे बघ, बाबांचे गुडघे गेलेत. यंदा ते कौलांवर चढणार नाहीत. मी एकटा दोन घरं किती वर्षं शाकारू? घर वापरलं नाही तर पडतं. आणि इतकी वर्षं आपणच सांभाळलं ना? कोणी येऊन बघितलं तरी का? ती आता येणार नाही, बाय."

'आता येणार नाही.' ते वाक्य मी दोन दिवसांपूर्वी इंग्रजीत तपासून, वेळेत बसवून पुढे पाठवलं होतं.

"गप्प का?" दादा म्हणाला. "तू तरी परत येणार आहेस काय?"

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गच्चीवर उभी राहिले. शेजारच्या छतावर माकडांची टोळी बसली होती. दादाचं बोलणं मला लागलं, पण त्यात खोटं काही नव्हतं. आणि मला हेही कळत होतं की आमच्या गावाची त्या गावाशी बरोबरी करणं चूक आहे. सारामावशीला कुणी हाकललं नाही. ती आपल्या मर्जीने, आपल्या मुलाकडे, आईने करून दिलेले तांदळाचे पापड बॅगेत घालून गेली. माझा भाऊ चांगला माणूस आहे. पण पायरीवर स्टूल आणून देणारी ती बाईसुद्धा रोजच्या आयुष्यात चांगलीच असणार, आणि तिलाही घर लागत असणार, असं वाटून मला झोप लागेना.

सकाळी मी दादाला फोन केला. "मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. सारामावशीला विचारू."

"तिचा नंबर कधीच बंद झालाय. आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर नाही."

"वा! जयपूरला बसून बरं जमतं तुला," दादा म्हणाला आणि फोन आपटला.

शोधाला बाबा लागले. तालुक्याच्या सिनेगॉगची देखभाल करणारे गृहस्थ बाबांच्या रिक्षातले नेहमीचे पॅसेंजर. त्यांच्याकडून मुंबई, मुंबईकडून इस्रायल, असा निरोप फिरत गेला. दाऊदकाका वारल्याचं तेव्हा आम्हाला कळलं. आणि मग एका दुपारी माझ्या मोबाइलवर एका मुलीचा आवाज आला: "मी शीरा. साराची नात आहे. आजी तुझ्याशी बोलायला मागते. माझी मराठी जरा टूटलेली आहे, सॉरी." पुढे हसून म्हणाली, "आजी बोलते, माझं नाव नाश्त्याचं आहे." मला एकदम जयपूरच्या आमच्या मराठी मंडळातली मुलं आठवली, जी आईला 'मला भूख लागला' असं सांगतात.

रविवारी आम्ही सगळे एकत्र व्हिडिओ कॉलवर आलो. गावाहून आई, बाबा, दादा, इथून मी, तिकडून शीरा आणि सारामावशी. मावशी अंगाने फार लहानखुरी दिसायला लागली आहे. केस पांढरे, पण आवाज तोच.

"कोण गो ही? कमलची पोर काय? किती वाळलीस! तिकडं मासळी मिळत नाय वाटतं."

"नाही ना मावशी."

"मग राहतेस कशाला असल्या गावात?"

मग आई आणि ती बोलत बसल्या. कोण गेलं, कोणाचं लग्न झालं, विहिरीचं पाणी खारं झालं का, कुणाच्या सुनेने कुणाला काय म्हटलं. दाऊदकाकांचं नाव निघालं तेव्हा आईने पदराने डोळे पुसले. दादा स्क्रीनच्या कोपऱ्यात चुळबुळत होता. शेवटी मी विषय काढला, की मावशी, तुमच्या घराबद्दल एक विचारायचं होतं.

तिने मला हाताने थांबवलं. "तो नितीन आहे ना तिथं? घर त्याला हवंय ना? मग त्यालाच बोलू दे. पोरीच्या पाठीमागं लपतोस काय रे? लहानपणी मटणाला यायचास तेव्हा नव्हतास लाजत."

आई हसली. दादा लाल झाला, पुढे सरकला, आणि त्याने सगळं सांगितलं. पाहुणे, खोल्या, बाबांचे गुडघे, भिंतीतलं दार. बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला. "तुम्ही म्हणाल तसं, मावशी," असं तो शेवटी म्हणाला. हे तो म्हणेल असं मला वाटलं नव्हतं.

सारामावशीने शीराशी हिब्रूत काहीतरी बोलून घेतलं. मग म्हणाली, "भिंत नको पाडू, पोरा."

दादा पुन्हा कोपऱ्यात सरकला.

"घर वापर. पाव्हणे ठेव, चूल पेटव, मोरी बांध नवी, काय लागेल ते कर. मी काय आता येत नाय, मला ठाऊक हाय. पण आत जायचं ते आमच्या दारानं जा. भिंतीतनं नको. भिंतीतनं गेलास तर ते घर तुझ्या घराची खोली होईल. आणि या शीराला एकदा यायचंय. तेव्हा एक खोली मोकळी ठेव."

दादा म्हणाला, "शनिवार-रविवार सोडून येऊ दे हां मावशी. तेव्हा गर्दी असते."

"शनवारीच येईल. पडून राहील एका कोपऱ्यात. शनवारी तशीही ती काही काम करणार नाय, आणि इतर दिवशीही करत नाय."

"सवता!" शीरा हिब्रूत आजीच्या नावाने ओरडली, आणि आम्ही सगळे हसलो.

मेमध्ये मी रजा घेऊन गावी गेले. दादा कौलांवर होता आणि बाबा खाली खुर्ची टाकून त्याला कुठलं कौल कुठे ते सांगत होते. "अरे ती रीप वाजवून बघ आधी!" "बघितली!" "पुन्हा बघ!" मी खालून कौलं वर देत होते. पहिले पाहुणे आले तेव्हा दादा किटली आणि पोह्यांचं ताट घेऊन आमच्या दारातून बाहेर, रस्त्यावरून फिरून, सारामावशीच्या दारातून आत जात होता. ऊन तापलेलं, पाय भाजत होते, आणि तो मला ऐकू जाईल अशा आवाजात पुटपुटत होता, "भिंतीतनं चार पावलं होती, चार पावलं." पण पाहुण्यांनी दाराच्या चौकटीवर तिरकी बसवलेली ती लहानशी डबी कसली, असं विचारलं, तेव्हा त्यानेच त्यांना सांगितलं. हे यहुद्यांचं घर आहे, आत देवाचं वचन लिहिलेलं असतं, येताजाता हात लावतात. "मालकीण परदेशी असते," तो म्हणाला. "आम्ही बघतो." मालकीण हा शब्द त्याने सहज वापरला. बाबांनी तो ऐकला. ते आंबा कापत राहिले.

जयपूरला परतल्यावर मी मग्दाला ही हकीकत सांगितली. तिने ती शांतपणे ऐकली आणि म्हणाली, आमच्याकडे अशी घरं हजारोंनी होती, पण विचारायला माणसंच उरली नव्हती. त्यानंतर आम्ही कामाला लागलो. आजोबांची मुलाखत संपली होती, दुसऱ्या एका आजींची आली होती.

परवा आईचा फोन आला. माशांचे भाव, दादाच्या मुलाची परीक्षा, असं सगळं झाल्यावर ती म्हणाली, "आणि काय गो, तुझी ती कॉलेजची सायकल आपल्या पडवीत पडून आहे. वहिनीची भाची मागत होती. देऊ काय?"

ती सायकल गंजली आहे. चेन तुटली आहे, मागचा टायर फाटला आहे. मी ती पुन्हा कधी चालवणार नाही, हे मला माहीत आहे आणि आईलाही. भाचीला तरी ती किती उपयोगी पडेल, देव जाणे. द्यायलाच हवी होती. पण माझ्या तोंडून निघालं, "आत्ता नको आई. मी आल्यावर बघू."

मला वाटलं, आता ऐकावं लागणार. एवढी शिकली आणि जुन्या सायकलीत जीव अडकलाय, वगैरे.

"बरं," आई म्हणाली. "मग राहू दे." आणि लगेच तिने शेजारच्या कुत्रीला पिल्लं झाल्याचं सांगायला सुरुवात केली.

जयपूरला मला आता बरीच वर्षं झाली. इथल्या आंटीजी, इथला हेमराज, इथली थंडी, सगळं आपलं वाटतं. गावी मी वर्षातून दोनदा जाते, पाहुण्यासारखी राहते, आणि माझ्या कोनाड्यात आता दादाच्या मुलांची दप्तरं असतात. तरी कुणी विचारलं, तुझं घर कुठे, तर मी अजून गावाचंच नाव सांगते. तिथे पडवीत एक मोडकी सायकल जागा अडवून उभी आहे. येताजाता सगळ्यांना तिचं हँडल लागतं, दादा तिला शिव्या घालतो, आणि मी नको म्हटलंय म्हणून कुणी ती हलवत नाही.